तुमच्या धंद्याचा सातबारा कुठे आहे? चार ठिकाणच्या नोंदी एका स्क्रीनवर आणायची रीत

एक साधा प्रश्न विचारतो. आत्ता, कोणालाही फोन न लावता, तुमची बाजारात एकूण उधारी किती आहे ते सांगता येईल? आणि त्यातली एक वर्षापेक्षा जुनी किती?

बहुतेक जण म्हणतात, "अंदाजे सांगू का?" अंदाज नको. आकडा पाहिजे. आकडा सांगता येत नाही याचं कारण नोंदी नाहीत असं नसतं. नोंदी भरपूर असतात, पण त्या एका जागी नसतात.

रामटेकमधलं एखादं कृषी केंद्र डोळ्यासमोर आणा. एक दुकान रामटेकला, दुसरं मनसरला, तिथे धाकटा भाऊ बसतो. आता यांचा डेटा कुठे कुठे आहे बघा. अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवर, शेतकऱ्याचा आधार घेऊन. बियाणं आणि औषधाचा साठा परवान्यासाठी ठेवलेल्या रजिस्टरमध्ये. जीएसटीची बिलं टॅलीत, आणि टॅली अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर. उधारी लाल वहीत, दोन दुकानांच्या दोन वह्या. यूपीआयचे पैसे निम्मे दुकानाच्या खात्यात, निम्मे मुलाच्या मोबाइलवर. आणि "भाऊ, दोन बॅग पाठवून द्या, हिशोब मंग करू" हे व्हॉट्सअॅपवर.

सहा जागा. प्रत्येक जागी खरी माहिती आहे, पण पूर्ण कुठेच नाही.

विखुरलेल्या नोंदींची किंमत किती?

आपल्या भागात शेतीमालाशी जोडलेला धंदा धानाच्या चक्रावर चालतो. रोवणीच्या वेळेस माल उधार जातो, कापणी-मळणी होऊन धान विकलं की पैसा परत येतो. म्हणजे चार-पाच महिने तुमचं भांडवल लोकांच्या शेतात उभं असतं. त्या काळात कोणाकडे किती आहे हे माहीत नसेल, तर पुढच्या हंगामाला कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला थांबवायचं हे कसं ठरवणार?

एक हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. रामटेकच्या वहीत उधारी ४,१८,००० रुपये. मनसरच्या वहीत १,३६,०००. बेरीज ५,५४,०००. मालक म्हणतो, साडेपाच लाख येणं आहे. पण मुलाच्या मोबाइलवर आलेले ५२,००० कुठल्याच वहीत जमा केलेले नाहीत. आणि काही गिऱ्हाइकांची मागची बाकी, ३४,००० रुपये, दोन्ही वह्यांत ओढली आहे. खरी उधारी निघते ४,६८,०००. शहाऐंशी हजारांचा फरक!

आता यातला वाईट भाग ऐका. ज्याने मुलाच्या मोबाइलवर पैसे पाठवले, त्याच्याकडे तुम्ही दिवाळीनंतर परत मागायला जाता. तो म्हणतो, "मी तं दिले ना भाऊ, कवाचेच." तुम्ही म्हणता, वहीत नाही. तो मोबाइल काढून दाखवतो. चार लोकांसमोर. वीस वर्षांचं गिऱ्हाईक तिथे तुटतं. पैसे नंतर जुळतात, माणूस जुळत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. उधार विकलेल्या मालाच्या वसुलीचा दावा करायला १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षं असतात. परतफेडीची तारीख ठरली नसेल तर माल दिल्यापासून, ठरली असेल तर ती तारीख उलटल्यापासून. वहीच्या मागच्या पानावर पडलेली बाकी तीन वर्षं ओलांडते तेव्हा ती वही काही ओरडून सांगत नाही. म्हणून नुसती बेरीज पुरत नाही, उधारीचं वय दिसलं पाहिजे.

उपाय आपल्या तहसीलमध्येच आहे

"सर, मग कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" सॉफ्टवेअर शेवटी. आधी रचना. आणि ती रचना शिकायला कुठे लांब जायची गरज नाही. तुमच्यापैकी ज्याच्या घरी एकर-दोन एकर शेती आहे, त्याने सातबारा पाहिलेलाच आहे. महाभूलेखवर नागपूर विभाग, जिल्हा, रामटेक तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की मोबाइलवर सातबारा दिसतो. विखुरलेली माहिती एकत्र आणून वेबवर दाखवण्याचं आपल्या ओळखीचं सगळ्यात मोठं उदाहरण हेच आहे.

सातबारा म्हणजे मुळात एक कागद नाही, दोन आहेत. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची ते. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, त्या जमिनीत काय पेरलं ते. दोन वेगळ्या नोंदी एका गट नंबरवर जोडल्या, म्हणून सातबारा. त्याच्या मागे दोन नमुने आणखी आहेत. नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही: जमिनीत काय बदल झाला याची तारीखवार नोंद. आणि नमुना ८अ: एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एका जागी.

या चार नमुन्यांत तुमच्या धंद्याच्या डॅशबोर्डचा सगळा आराखडा आहे. एकेक घेऊ.

पहिलं: तुमची फेरफार नोंदवही

सातबाऱ्यावरचं नाव कोणी थेट खोडून बदलत नाही. आधी फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला वेळ मिळतो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, मगच सातबारा बदलतो. जुन्या नावाला कंस होतो, ते पुसलं जात नाही.

तुमच्याकडेही अशी एकच नोंदवही पाहिजे. गुगल शीटमध्ये एक पान उघडा आणि हे नऊ रकाने करा:

१. तारीख
२. दुकान (रामटेक / मनसर)
३. खाते नंबर
४. नाव
५. प्रकार: उधार विक्री, जमा, माल परत, दुरुस्ती
६. रक्कम
७. कसे आले: रोख, यूपीआय, बँक
८. संदर्भ: बिल नंबर किंवा यूपीआयचा बारा आकडी क्रमांक
९. नोंद कोणी केली

प्रत्येक व्यवहार म्हणजे एक ओळ. दोन्ही दुकानांचे व्यवहार एकाखाली एक. गिऱ्हाइकाप्रमाणे वेगळी पानं करू नका, महिन्याप्रमाणे वेगळ्या फाइली करू नका. तुकडे केले की परत जोडायचं काम तुमच्याच डोक्यावर येतं.

आणि नियम एकच: ओळ खोडायची नाही. चूक झाली तर "दुरुस्ती" प्रकाराची नवी ओळ टाकायची आणि संदर्भात जुन्या ओळीचा बिल नंबर लिहायचा. उद्या भांडण झालं तर काय झालं आणि केव्हा झालं हे दोन्ही दिसतं. वाढणं आणि कमी होणं गोंधळू नये म्हणून उधार विक्रीची रक्कम अधिक, जमा आणि माल परत उणे चिन्हाने लिहा. दुरुस्ती दोन्ही बाजूंना जाऊ शकते.

जुन्या पद्धतीने हिशोब शिकलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल हे तर आमचं रोजकीर्द. बरोबर! रोजकीर्द आधी, खतावणी नंतर. मधल्या काळात आपण सरळ खतावणीत लिहायला लागलो, तिथे गडबड झाली.

दुसरं: गट नंबर, म्हणजे खाते नंबर

दोन वह्या जुळत का नाहीत? कारण एका वहीत गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव आहे, दुसरीत "नगरधनवाले पाटील". कॉम्प्युटरला हे दोन माणसं वाटतात. आणि एकाच गावात एकाच नावाचे तिघं असतील तर ते एक माणूस वाटतात.

जमिनीला गट नंबर आहे म्हणून दोन नमुने जुळतात. गिऱ्हाइकाला खाते नंबर द्या. गावाचं नाव आणि पुढे अनुक्रमांक: मनसर-०१४, नगरधन-००७, देवलापार-०२२. एका वेगळ्या पानावर ही यादी ठेवा: खाते नंबर, पूर्ण नाव, गाव, मोबाइल.

मोबाइल नंबरच खाते नंबर म्हणून वापरू का? नको. घरात बाप-लेक एकच नंबर वापरतात, सिम बदलतं. आधार नंबर तर अजिबात शीटमध्ये लिहायचा नाही. पॉस मशीनला खतासाठी तो लागतो, तुमच्या उधारीच्या यादीला लागत नाही.

हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. दीडशे-दोनशे खाती असतील तर दोन-तीन संध्याकाळी जातील. पण सगळा डॅशबोर्ड या यादीवर उभा आहे. यादी कच्ची असेल तर वरचे रंगीत चार्ट खोटं बोलतात, आणि फार सुंदर दिसून खोटं बोलतात.

तिसरं: नोंद एक, बघायच्या बाजू अनेक

सातबारा गटाप्रमाणे दाखवतो, ८अ खातेदाराप्रमाणे दाखवतो. जमीन तीच, बाजू बदलली. तुम्हालाही एका नोंदवहीतून वेगवेगळे चेहरे काढायचे आहेत:

• खात्याप्रमाणे बाकी: कोणाकडे किती.
• गावाप्रमाणे बाकी: वसुलीला एका फेरीत कुठे जायचं.
• वयाप्रमाणे बाकी: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन वर्षांच्या वर.
• दुकानाप्रमाणे आजची विक्री आणि आजची जमा.

गुगल शीटमध्ये पिव्होट टेबल घेतलं की पहिले दोन आणि चौथं पाच मिनिटांत होतं. रकान्यांची नावं ओढून टाकायची, बस. वयासाठी थोडं सूत्र लागतं, कारण आलेला पैसा आधी सगळ्यात जुन्या उधारीतून वजा धरायचा असतो. तेवढं जमत नसेल तर सुरुवातीला प्रत्येक खात्याची शेवटची जमा तारीख काढा. ज्याची शेवटची जमा वर्षाच्या मागची आहे तो वरती आणा. ऐंशी टक्के काम तिथेच होतं असं मी म्हणणार नाही, पण पहिला फोन कोणाला करायचा हे नक्की कळतं.

एक सावधगिरी. ८अ एका गावापुरता असतो. माणसाची जमीन दोन गावांत असेल तर दोन ८अ काढावे लागतात. तुम्ही ही मर्यादा घेऊ नका. रामटेकला उधारी बंद केली म्हणून जो मनसरच्या दुकानात जाऊन माल नेतो, तो एकाच ओळीत दिसला पाहिजे. दोन दुकानांच्या फाइली वेगळ्याच ठेवायच्या असतील, भाऊबंदकीत तसं असतं, तर इम्पोर्टरेंज हे सूत्र वापरून दोन्हीतल्या ओळी तिसऱ्या फाइलमध्ये आपोआप आणता येतात. पण खाते नंबरची यादी मात्र दोघांची एकच.

चौथं: जिथे घडलं तिथेच नोंद

नमुना १२ ची पीक नोंद पूर्वी तलाठी करायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवरून पीक नोंदवायला लागला, फोटोसकट. विचार सरळ आहे: ज्याला माहीत आहे त्यानेच, जिथे आहे तिथूनच लिहावं.

दुकानात उलटं चालतं. दिवसभर चिठ्ठ्या जमतात आणि रात्री मालक त्या उतरवतो. रात्री थकवा असतो, चिठ्ठी हरवते, "हे तीन हजार कोणाचे बाप्पा?" असा प्रश्न पडतो. म्हणून काउंटरवरच्या पोराला शीट देऊ नका, गुगल फॉर्म द्या. खाते नंबर यादीतून निवडायचा, प्रकार निवडायचा, रक्कम, संदर्भ, पाठवा. अर्ध्या मिनिटाचं काम. फॉर्ममधून आलेली ओळ शीटमध्ये वेळेसकट पडते. फॉर्ममध्ये रक्कम साधीच भरायची, उणे चिन्ह शीटमध्ये प्रकार बघून सूत्राने लावायचं.

यूपीआयचं काय? सगळ्यात आधी मुलाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेणं बंद करा. दुकानाच्या चालू खात्याचा एकच क्यूआर दोन्ही काउंटरवर लावा. मग आठवड्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून बारा आकडी क्रमांकावर नोंदवहीशी ताडून बघा. जे बँकेत आहे आणि नोंदवहीत नाही, तेच उद्याचं भांडण आहे.

आणि रेंज गेली तर? फॉर्म चालणार नाही. त्यासाठी काउंटरवर नंबर घातलेलं कच्चं बिलबुक ठेवा. नेट आलं की त्याच दिवशी भरा, संदर्भात बिलबुकाचा नंबर.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: चावडी वाचन

हाताने लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरमध्ये गेले तेव्हा काय झालं ते आठवा. नावं चुकली, क्षेत्र चुकलं, हिस्से मागेपुढे झाले. म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं. कॉम्प्युटरमधला सातबारा गावासमोर वाचून दाखवायचा आणि विचारायचं, बरोबर आहे का? एवढी मोठी यंत्रणा असूनही शेवटी खातेदाराला विचारावंच लागलं. डिजिटल सहीचा सातबारा त्यानंतरचा, २०१८ चा. क्रम लक्षात घ्या: आधी वाचन, मग सही.

आपण काय करतो? वही बघून रात्रभर शीटमध्ये आकडे भरतो आणि सकाळी तो आकडा पवित्र मानतो. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे बरोबरच! वहीतली चूक शीटमध्ये गेली तर ती चूकच राहते, फक्त तिचा फॉन्ट चांगला होतो.

म्हणून सुरुवातीची बाकी भरल्यावर प्रत्येक खातेदाराला त्याची बाकी दाखवा. चावडीवर नाही हं, खाजगीत. उधारी ही माणसाच्या अब्रूची गोष्ट आहे. तो दुकानात आला की बसवा, पाणी द्या, स्क्रीनवर त्याची ओळ दाखवा: "बघा भाऊ, आमच्याकडे १८,४०० दिसतात. बरोबर?" तो हो म्हणाला तर छापील खातेउताऱ्यावर तारीख टाकून सही घ्या. नाही म्हणाला तर तिथेच बिलं काढा आणि दुरुस्तीची ओळ टाका.

या सहीचा दुसरा फायदा मोठा आहे. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी सही करून बाकी कबूल केली, तर कायद्याने त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे चावडी वाचनात आकडाही तपासला जातो आणि उधारीही जिवंत राहते. मोठी रक्कम असेल तर वकिलाला एकदा विचारून मजकूर ठरवून घ्या.

वर्षातून दोनदा करा: एकदा धान विकून पैसे आल्यावर, एकदा मे महिन्यात, खरिपाचा माल द्यायच्या आधी.

आता स्क्रीन

एवढं झालं की डॅशबोर्ड हे सोपं काम उरतं. शीटमध्येच एक वेगळं पान करा, किंवा लुकर स्टुडिओ घ्या. ते आधी डेटा स्टुडिओ म्हणून ओळखलं जायचं, आणि साध्या वापराला फुकट आहे. ते थेट गुगल शीटला जोडता येतं आणि ब्राउझरमध्ये कुठूनही उघडतं.

पण स्क्रीनवर वीस चार्ट नकोत. मी पाचच गोष्टी ठेवायला सांगतो: एकूण उधारी, त्यातली वर्षापेक्षा जुनी, आजची जमा, सगळ्यात मोठ्या दहा बाक्या, आणि बँकेत आलेले पण न जुळलेले पैसे. प्रत्येक आकड्यासमोर स्वतःला विचारा: हा बघून मी उद्या सकाळी काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर तो आकडा काढून टाका.

कोणाला काय दिसेल हेही आधीच ठरवा. काउंटरवर फक्त फॉर्म. भावाला आणि तुम्हाला डॅशबोर्ड. अकाउंटंटला "व्ह्यूअर" म्हणून, बदलायचा हक्क नाही. आणि गुगल शीटमध्ये "पब्लिश टू वेब" नावाचं एक बटन आहे, त्याला हात लावू नका. ते दाबलं की लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला लॉगिनशिवाय सगळं दिसतं. सातबारा कोणालाही बघता येतो, कारण तो सार्वजनिक अभिलेख आहे. कोणाकडे किती उधारी आहे हा सार्वजनिक अभिलेख नाही. गावात एकदा ती यादी फिरली तर तुमचं दुकान गेलं समजा.

एक गैरसमज काढतो. या स्क्रीनमुळे टॅली, पॉस मशीन किंवा परवान्याचं साठा रजिस्टर बंद होत नाही. ते कायद्याने जिथे आहे तिथेच राहील. आपण फक्त एक खिडकी करतो आहोत. खतांचा साठा जोडायचा असेल तर आठवड्यातून एकदा मशीनवरचा शिल्लक आकडा आणि गोदामात मोजलेल्या बॅगा, दोन्ही एका पानावर लिहा. फरक असेल तर तपासणीला अधिकारी यायच्या आधी तुम्हाला कळलेला बरा.

आणि ज्याची उधारी दहा-पंधरा लोकांपुरती आहे, दुकान एकच आहे, त्याने हे सगळं करू नये. त्याची वही त्याला पुरते. दोन जागा झाल्या, दोन माणसं पैसे घ्यायला लागली, की मग ही गरज सुरू होते.

या आठवड्याचा गृहपाठ

शीट उघडायची घाई करू नका. एक कोरा कागद घ्या. तुमच्या धंद्यात पैसे आणि माल यांची नोंद कुठे कुठे होते ते लिहा: वही, मशीन, मोबाइल, कोणाचं डोकं. हो, डोकंही लिहा. प्रत्येकासमोर लिहा: ही नोंद कोण करतो, आणि तो चार दिवस आजारी पडला तर ती कोणाला सापडेल?

मग सगळ्यात मोठ्या दहा बाक्या घ्या आणि त्या दहा जणांची बाकी प्रत्येक जागी शोधून जुळवा. फक्त दहा. जितके आकडे जुळले नाहीत, तितकी तुमच्या डॅशबोर्डची गरज. दहाच्या दहा जुळले तर माझ्याकडून शाबासकी, आणि पुढच्या भागात भेटू. चार-पाच हुकले तर खाते नंबरची यादी या रविवारीच सुरू करा. रोवणी सुरू झाली की मग कोणालाच वेळ नसतो.